उसने ध्येय आणि दिनदर्शिकेवरचे खाडे : एका नवख्या धावपटूचे प्रकरण

दादरच्या शिवाजी पार्कवर पहाटे धावणाऱ्या एका छोट्या गटात मी गेली अनेक वर्षे नवख्यांना सुरुवात करून देण्याचे काम करते. गटात येणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या दोन-तीन महिन्यांत धावणे सोडतात, आणि सोडताना बहुतेक जण स्वतःलाच दोष देतात. पुढील प्रकरण अशाच वाटेवरून परत फिरलेल्या एका स्त्रीचे आहे. तिच्या परवानगीने ते लिहीत आहे. नाव अर्थातच देत नाही. या प्रकरणातील पहिली आणि सर्वांत मोठी चूक तिची नव्हती, माझी होती, आणि ती चूक नीट मांडता यावी हे लिहिण्याचे मुख्य कारण आहे.

पार्श्वभूमी

वय ३९. राहणे गोखले रोडजवळच्या एका जुन्या इमारतीत, नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलातील एका कार्यालयाच्या लेखा विभागात. घरात नवरा, सासूबाई आणि सहावीतील मुलगी. शाळेत असताना खो-खो खेळलेली, त्यानंतर वीसेक वर्षे व्यायामाचा संबंध नाही. मे महिन्यात तिने पार्कला चालायला सुरुवात केली आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती गटात आली, तेव्हा तिच्या हातात एक छापील तक्ता होता. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर ९७ मीटर, २ तास १५ मिनिटांत पूर्ण करायची, असे तिने ठरवले होते.

हा आकडा कुठून आला, असे मी विचारले. तिच्या कार्यालयातील एक सहकारी दहा वर्षे धावत आहे. त्याची वेळ २ तास ५ मिनिटे होती. त्यात दहा मिनिटे मिळवून तिने आपली वेळ ठरवली होती. तक्ताही त्याचाच होता. अंतर, वेळ आणि तक्ता या तिन्ही गोष्टी तिने उसन्या आणल्या होत्या. तिच्या शरीराचे आणि तिच्या घराचे त्यात काहीही नव्हते.

हे त्या दिवशी मला दिसायला हवे होते. तिचा उत्साह मोडू नये म्हणून मी तक्त्यात किरकोळ फेरफार केले आणि होकार दिला. २००४ पासून होत असलेल्या या शर्यतीचे मुंबईकरांना जे आकर्षण आहे त्याचा मला आदर आहे, त्या एका सकाळसाठी अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा बूट चढवले आहेत. परंतु शर्यतीची तारीख हातात धरून उलटे आठवडे मोजत आल्यास नवख्याची सुरुवात नेमकी पावसाळ्यात येते, मधला टप्पा ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात जातो, आणि सवय लागण्याच्या काळातच हवा सर्वांत प्रतिकूल असते. मुंबईत एकट्या जुलैमध्ये सरासरी आठशे मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ज्या तक्त्यात या महिन्याची दखल नाही, तो तक्ता या शहरासाठी केलेला नाही.

साधा हिशेबही मी केला नव्हता. पहिल्या आठवड्यात तिने थोडे धावत, थोडे चालत ३ किलोमीटर २७ मिनिटांत पूर्ण केले होते. पीट रीगल या अमेरिकी अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलेले एक सूत्र धावपटूंमध्ये आजही वापरले जाते : नव्या अंतराला जुन्या अंतराने भागायचे, येणाऱ्या संख्येचा १.०६ वा घात करायचा आणि त्याने जुनी वेळ गुणायची. मोठ्या अंतरासाठी पुरेसा सराव झालेला आहे असे हे सूत्र गृहीत धरते, त्यामुळे नवख्याच्या बाबतीत त्याचे उत्तर थोडे आशावादीच असते. तरीही तिच्या २७ मिनिटांवरून अर्धमॅरेथॉनचा अंदाज साडेतीन तासांच्या थोडा पुढे निघतो. उलट बाजूने पाहिले, तर सव्वादोन तासांची अर्धमॅरेथॉन धावू शकणाऱ्या माणसाला ३ किलोमीटर साधारण १७ मिनिटांत जमायला हवेत. सहा महिन्यांत २७ वरून १७ वर येणे, तेही दररोज नोकरी आणि घर सांभाळून, हे तिच्या निर्धाराच्या बळावर होणारे काम नव्हते. वहीच्या एका पानावर मावणारा हा हिशेब मी ऑगस्टमध्ये केला. तो जुलैमध्ये करायला हवा होता.

पहिले सहा आठवडे

तक्त्यानुसार सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि रविवार असे आठवड्याचे पाच दिवस धावायचे होते. अंतरे किलोमीटरमध्ये दिलेली होती आणि दर आठवड्याला ती वाढत होती. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यापासून सोमवार बुडू लागला. चौथ्या आठवड्यात तिने स्वतःच एक उपाय काढला, जो मला पुढे दोन आठवड्यांनी कळला : बुडालेले अंतर ती शनिवार-रविवारी भरून काढू लागली. पाचव्या आठवड्यात शुक्रवारपर्यंत जेमतेम ५ किलोमीटर झाले होते. शनिवारी ६ आणि रविवारी ८, असे १४ किलोमीटर तिने चोवीस तासांत पायांवर घातले. वेग सहकाऱ्याच्या तक्त्यातला, म्हणजे बोलताही येणार नाही इतका धापा टाकायला लावणारा.

ऑगस्टच्या मध्यावर एका रविवारी ती कट्ट्यावर बसून नडगी चोळताना मला दिसली. आतल्या कडेने, घोट्याच्या वर चार बोटांपासून वीतभर लांबीचा भाग दुखत होता. पहिल्या फेरीत जास्त, नंतर थोडा कमी, आणि घरी गेल्यावर जिना चढताना पुन्हा जास्त. "ताई, तक्ता चुकतोय की मी चुकतेय, एवढंच सांगा," असे तिने विचारले.

हाडांच्या डॉक्टरांनी तपासून नडगीच्या हाडाच्या कडेवर ताण आल्याचे निदान केले. दुखणे लांबवर पसरलेले होते, बोट ठेवून दाखवावे असे एका बिंदूवर नव्हते, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट होती. एकाच बिंदूवर तीव्र वेदना असती, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका घ्यावी लागली असती, आणि असा तडा सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसतही नाही. दोन आठवडे धावणे पूर्ण बंद, चालण्यास हरकत नाही, पोटऱ्यांचे व्यायाम रोज, असा सल्ला मिळाला.

दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, परंतु कंडरा आणि हाडे यांना नव्या भाराशी जुळवून घ्यायला काही महिने लागतात. त्यामुळे नवखा माणूस पाचव्या-सहाव्या आठवड्यात फसतो : छाती साथ देते, म्हणून तो पायांकडून जास्त मागतो. अंतर दर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा सर्वश्रुत नियम याच धोक्यासाठी सांगितला जातो. तो ढोबळ अंदाज आहे, शास्त्रीय सिद्धान्त नव्हे. तिच्या बाबतीत आठवड्याची बेरीज फारशी वाढलेलीही नव्हती. घात झाला तो एका दिवसावर सगळा भार आल्यामुळे.

डॉक्टरांनी रक्तही तपासून घेतले. हिमोग्लोबिन १०.२ निघाले. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये ते १२ पेक्षा कमी असेल, तर त्यास रक्तक्षय म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे गटात नव्याने येणाऱ्या दर दोन स्त्रियांपैकी एकीला तो असण्याची शक्यता धरूनच चालले पाहिजे. स्नायूंपर्यंत प्राणवायू पोहोचवणारे द्रव्यच कमी असेल, तर लागणारा दम हा आळसाचा किंवा वयाचा परिणाम नसतो. तिला महिन्यातून पाच-सहा दिवस जास्त रक्तस्राव होत असे. हे तिने सांगितले नव्हते, आणि मीही एक स्त्री असून विचारले नव्हते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्यांसोबत व जेवणाच्या आगेमागे चहा घेऊ नये, असे बजावले, कारण चहामुळे लोह शरीरात कमी शोषले जाते. आता गटात येणाऱ्या प्रत्येकीला मी बुटांविषयी बोलण्याआधी ही तपासणी करायला सांगते.

दिनदर्शिकेवरचे खाडे

विश्रांतीच्या दोन आठवड्यांत मी तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती. तिच्यावर दुधाचे खाडे, कामवाल्या मावशींचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, मुलीच्या परीक्षा, असा घराचा सगळा हिशेब होता. आणि जुलैपासून प्रत्येक धावलेल्या दिवशी हिरव्या पेनाने एक लहानशी बरोबरची खूण. खाड्याच्या दिवशी तिने काहीच लिहिले नव्हते. आम्ही दोघी ती पाने घेऊन टेबलाशी बसलो.

सहा आठवड्यांत ३० दिवस धावायचे होते. खुणा १७ निघाल्या, खाडे १३. आम्ही प्रत्येक खाड्याचे कारण आठवून लिहून काढले. पाच खाडे महिनाअखेरीस कार्यालयातून रात्री उशिरा परतल्यामुळे झाले होते. तीन मुसळधार पावसाचे, दोन पाळीच्या पहिल्या दिवसाचे, दोन मुलीला ताप आला त्या वेळचे, आणि एक आषाढी एकादशीचा, कारण त्या पहाटे सगळे घर वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात गेले होते. तेरापैकी एकही खाडा आळसाचा नव्हता. ती मात्र दीड महिना स्वतःला आळशी म्हणत होती.

वारांप्रमाणे मोजल्यावर अधिक उलगडा झाला. रविवारी सहापैकी सहा, मंगळवारी आणि गुरुवारी प्रत्येकी चार, शनिवारी दोन आणि सोमवारी फक्त एक. शनिवारी सकाळी मुलीचा क्लास असतो, सोमवारी कार्यालयात लवकर पोहोचावे लागते. शनिवारच्या ज्या दोन खुणा होत्या, त्या बुडालेले अंतर भरून काढण्याच्या, म्हणजे नडगी दुखावणाऱ्या दोन शनिवारांच्याच होत्या. पाच दिवसांचा तक्ता तिच्या घरात कधी अस्तित्वातच नव्हता. तीन दिवसांचा होता, आणि तो तिने न ठरवता बऱ्यापैकी पाळलाही होता.

मग सकाळचे घड्याळ मांडले. इमारतीत पाणी पहाटे येते; ते भरून होईपर्यंत साडेपाच वाजतात. सव्वासात वाजता नवऱ्याचा डबा तयार हवा, आणि त्यासाठी तिला सहा वीसला घरात असणे भाग आहे. पाच पस्तीस ते सहा वीस, म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. घर ते पार्क चालत आठ मिनिटे, परतीची आठ. उरली एकोणतीस मिनिटे. सहकाऱ्याच्या तक्त्यात मंगळवारी ६ किलोमीटर लिहिलेले होते; तिच्या तेव्हाच्या वेगाने त्याला ५४ मिनिटे लागली असती. दर मंगळवारी ती निघण्यापूर्वीच हरलेली होती, आणि डबा उशिरा झाल्याची चुटपुट वेगळी.

हा कागद पुढे करून मी तिची माफी मागितली.

नव्याने ठरवलेले ध्येय

ध्येयनिश्चितीवर अनेक दशके संशोधन केलेले एडविन लॉक आणि गॅरी लॅथम हे मानसशास्त्रज्ञ प्रसिद्ध आहेत ते नेमके आणि अवघड ध्येय माणसाकडून अधिक काम करून घेते, या निष्कर्षासाठी. त्यांच्याच परंपरेतील पुढच्या अभ्यासांची एक महत्त्वाची मर्यादा मात्र कमी सांगितली जाते : काम नवे आणि गुंतागुंतीचे असेल आणि माणसाकडे ते करण्याची रीतच अजून नसेल, तर अवघड निकालाचे ध्येय त्याला मागे खेचू शकते, त्या टप्प्यावर रीत शिकण्याचे ध्येय अधिक उपयोगी पडते. नवख्या धावपटूला शिकायची रीत म्हणजे वेग आवरणे, दुखण्याचे प्रकार ओळखणे, आणि मोडलेला आठवडा भरून न काढता पुढच्या आठवड्याला लागणे.

म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही किलोमीटर बाजूला ठेवले आणि मिनिटे धरली. मंगळवार आणि गुरुवार, प्रत्येकी २८ मिनिटे. रविवारी सुरुवातीला ४० आणि पुढे तासाभरापर्यंत. सलग धावण्याऐवजी एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे. ही पद्धत नवी नाही. जॉश क्लार्क याने १९९६ मध्ये तयार केलेला, जगभर वापरला जाणारा नऊ आठवड्यांचा ५ किलोमीटरचा कार्यक्रम आठवड्यातून तीन दिवस आणि अशाच आलटून-पालटून धावण्यावर आधारलेला आहे. आम्ही त्याचे नऊ आठवडे तसेच घेतले नाहीत, कारण रक्तक्षय आणि ऑक्टोबर यांना त्यात जागा नव्हती.

वेगाचे मोजमाप घड्याळावर न ठेवता श्वासावर ठेवले. धावताना भाजीची यादी एका दमात म्हणता आली पाहिजे : मेथी, कोथिंबीर, अर्धा किलो गवार, पाव किलो भेंडी, चार लिंबे. गवारीपाशी श्वास तुटला, तर वेग जास्त आहे. पहिल्या दिवशी तो कोथिंबिरीलाच तुटला. पुढचे दोन आठवडे तिला इतके हळू धावावे लागले, की कट्ट्याकडेने झपझप चालणारे आजोबा तिच्या पुढे जात. तिला ते सोपे गेले नाही, आणि हळू धावणे ही नवख्यासाठी सर्वांत अवघड शिस्त आहे, असे माझे ठाम मत आहे.

खाड्यांविषयी दोन नियम केले. एक, गेलेला दिवस गेला. त्याची भरपाई नाही. दोन, महिनाअखेरचा आठवडा सुरुवातीपासूनच दोन दिवसांचा धरायचा, म्हणजे त्या आठवड्यातला एक खाडा ठरलेला आणि त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. जानेवारीच्या शर्यतीसाठी अर्धमॅरेथॉनऐवजी १० किलोमीटर ठरवले, आणि त्याआधीचा टप्पा म्हणून दिवाळीपर्यंत न थांबता तीस मिनिटे धावणे. त्या संध्याकाळी तिने अर्धमॅरेथॉन वहीतून खोडली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. ध्येय लहान करणे ही माणसासाठी छोटी गोष्ट नसते, आणि मार्गदर्शकाने ती चटकन उरकून टाकू नये.

ऑक्टोबर ते जानेवारी

ऑक्टोबरमध्ये काहीही सुधारले नाही, आणि ते तसेच होणार हे आम्ही आधी लिहून ठेवले होते. पाऊस माघारी जातो, दुपारचा पारा ३३-३४ अंशांवर जातो आणि पहाटेही हवेत दमटपणा असतो. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. तीन मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे, या टप्प्यावर ती पाच आठवडे अडून राहिली. त्या महिन्याचे ध्येय केवळ तिथेच टिकून राहणे, हे होते. ते लेखी असल्यामुळे तिला ती घसरण वाटली नाही.

दिवाळी आली आणि गेली. सलग तीस मिनिटे झाली नाहीत. ती झाली नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका गुरुवारी, आणि पंचेचाळीस मिनिटांच्या सवडीत बसवण्यासाठी त्या दिवशी सासूबाईंनी पोळ्यांची कणीक मळून ठेवली होती. तोवर हिमोग्लोबिन ११.८ झाले होते. त्या सुधारणेत गोळ्यांचा वाटा किती, सरावाचा किती आणि उतरत्या उकाड्याचा किती, हे वेगळे करून सांगता येणार नाही. शहरात थंडी पडते त्या काळात पहाटेचा पारा १७-१८ अंशांपर्यंत उतरतो आणि मुंबईचा प्रत्येक धावपटू काही न करताही थोडा वेगवान होतो. ऑगस्टमधल्या वेळेवरून निराश होऊ नये आणि जानेवारीतल्या वेळेवरून फुशारू नये, हे यासाठीच सांगावे लागते.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी तिने ५ किलोमीटर ४० मिनिटांत पूर्ण केले. रीगलच्या सूत्राने १० किलोमीटरचा अंदाज १ तास २३ मिनिटे निघाला. या वेळी ध्येय एका आकड्यावर न ठेवता तीन पायऱ्यांवर ठेवले : दुखापतीशिवाय शर्यत पूर्ण करणे, दीड तासाच्या आत पूर्ण करणे, आणि सगळे जुळून आले तर १ तास २५ मिनिटे. प्रत्यक्षात १ तास २६ मिनिटे लागली. आठव्या किलोमीटरनंतर ऊन चढले आणि ती दोनदा चालली. तिसरी पायरी मिनिटभराने हुकली, याचे तिला वाईट वाटले आणि ते मी पुसण्याचा प्रयत्न केला नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवर ती उभी होती, हे तिला माहीत होते.

सप्टेंबर ते जानेवारी या वीस आठवड्यांत ६० दिवसांपैकी ४९ खुणा झाल्या, ११ खाडे. पहिल्या सहा आठवड्यांत हे प्रमाण ५७ टक्के होते, आता ८२ टक्के झाले. नडगी पुन्हा दुखली नाही.

अर्धमॅरेथॉनचा विषय तिने एप्रिलमध्ये पुन्हा काढला. या वेळी आम्ही वेळेपासून सुरुवात केली नाही. तीन दिवसांच्या सरावावर ते अंतर सुखरूप पार करायचे, तर शर्यतीपूर्वीच्या काही रविवारी १५-१६ किलोमीटरपर्यंत जावे लागेल. तिच्या वेगाने ते जवळपास अडीच तासांचे काम आहे, आणि सध्या रविवारी तिच्याकडे दीड तास आहे. उरलेला एक तास पायांतून येणार नाही, तो घरातून यावा लागेल. तो प्रश्न तिने नवऱ्यासमोर आणि सासूबाईंसमोर त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मांडला. रविवारचा नाश्ता आणि मुलीचा अभ्यास नवऱ्याने घेतला आहे. गुरुवारच्या डब्याचे अजून ठरलेले नाही. नोव्हेंबरपासूनचे दहा रविवार तिने दिनदर्शिकेवर पेन्सिलने गोल केले आहेत. त्यांपैकी दोन रविवारी नात्यात लग्ने आहेत, तिथे गोलाशेजारी तिने आत्ताच खाडा लिहून ठेवला आहे.